सासूबाईंचाही एक्स-रे काढणारे आमचे सर

डॉ. भास्कररावसरांची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी त्यांनी मला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. छातीच्या विकारांचं शिक्षण संपवून मी नुकतीच चिखलीला घरी परतले होते. नांदुऱ्याला सरांच्या हाताखाली काम मिळावं म्हणून सकाळच्या एसटीने आले होते. वाटलं होतं, सर चार प्रश्न विचारतील, दोन-तीन एक्स-रे समोर ठेवून परीक्षा घेतील. सर एवढंच म्हणाले, "आज फोटो बघायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर बसा आणि लोक काय बोलतात ते ऐका." माझा पारा मुळात चटकन चढतो. मनात म्हटलं, वा रे वा! मी डॉक्टर म्हणून आले की राखणदार म्हणून?

बाकावरच्या एका बाईने सरकून मला जागा दिली आणि मायेने विचारलं, "कधीपासून खोकला हाय वो तुमाले?" मला खोकला नाही असं मी सांगितलं, तर तिला माझी आणखीच कीव आली. "सुरुवातीले समदे असंच म्हणतेत," ती शेजारणीला म्हणाली, आणि अख्ख्या बाकाने माना डोलावल्या. दुपारपर्यंत त्या मंडळींनी माझं निदान करून पथ्यसुद्धा सांगून टाकलं होतं.

सुट्टीत सरांनी आत बोलावलं. "काय ऐकलं?" मी फुरंगटूनच उत्तर दिलं, "लोक खोकल्याला भीत नाहीत सर, फोटोला भितात. औषध पूर्ण झालेला माणूससुद्धा 'फोटोत अजून दिसते' म्हणून रडतोय." सरांनी डबा उघडला, ज्वारीची भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "उद्यापासून या." त्या ठेच्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. सर मात्र साखर खावी तसे तो खात होते.

सर यंदा पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यानिमित्ताने निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या मानसन्मानांवर, त्यांनी भरवलेल्या शिबिरांवर इतर मंडळी लिहितीलच. संपादकांनी मला 'सरांचे वैद्यकीय योगदान' असा भारदस्त विषय दिला आहे. भारदस्त लिहिणं मला जमत नाही. सरांनी मला जे शिकवलं आणि एका घरात जे करताना मी त्यांना पाहिलं, तेवढंच सांगते.

क्षयरोगाचे जंतू औषधाने मरतात. पण त्यांनी फुफ्फुसात केलेली मोडतोड औषधाने पुसली जात नाही. जखम भरते तशी ती जागा भरते, आकसते, आजूबाजूचं स्वतःकडे ओढून घेते आणि एक्स-रेवर आयुष्यभर पांढरी खूण ठेवून जाते. पुढे कधी साधा सर्दी-ताप झाला, कुणी फोटो काढला, की ती खूण दिसते आणि घरात आकांत सुरू होतो: 'परत आला!' जुनी खूण आणि नवा आजार यांतला फरक ओळखणं नेहमी सोपं नसतं. म्हणून मग 'खात्रीसाठी' औषधांचा आणखी एक कोर्स दिला जातो. या 'खात्रीसाठी' शब्दावर सर भडकत असत. एरवी शांत असलेल्या सरांचा आवाज तेवढ्यापुरता रस्त्यापर्यंत जायचा. "कुणाच्या खात्रीसाठी? यकृत त्याचं जाळायचं आणि खात्री आपली करायची?"

रुग्णांना मात्र ते अगदी त्यांच्या बोलीत समजावत. "गुडघा फुटला तं खूण राह्यते का नाई? ते चालते. मंग छातीतली काऊन चालत नाई?" लोक हसत. अर्थात छातीतली खूण दरवेळी इतकी निरुपद्रवी नसते, हेही सर कधी विसरले नाहीत. औषध संपलं म्हणजे दम परत आला, असं ते कुणालाच सांगत नसत. ज्यांची फुफ्फुसं फार आकसली होती त्यांना ते व्हरांड्यात चालवत, श्वास मोजत, आणि ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला शिकवत. बायकांना सांगत, "चुलीवर फुंकर घालता ना, तशीच, पण जाळ पेटू द्यायचा नाही." एकदा चालता चालता सरांनाच धाप लागली. त्यावर एक म्हातारेबुवा म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमीच आमच्याजवळ भरती व्हा." सर बाकावर बसून पोट धरून हसले.

सरांची एक पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. औषध पूर्ण झालं की ते शेवटचा एक फोटो काढत, घरातल्या सगळ्यांना बोलावत आणि तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवत. "हा रोगाचा फोटो नाही. हा बरं झाल्याचा फोटो आहे. सातबारा ठेवता तिथे ठेवा. पुढे कुणी घाबरवलं तर हा दाखवा, नव्याशी ताडून बघता येईल." लोक 'हाव हाव' म्हणत आणि घरी जाऊन नेमकं उलटं करत. दुखण्याचा फोटो घरात कसा ठेवायचा? वर्षाची होळी आली की ईडापीडा जळो म्हणत पुष्कळजण तो होळीत टाकून देत. बरं झाल्याचा एकुलता एक पुरावा आपल्याच हाताने जाळायचा! आमच्या भागातल्या लोकांनीच करावी अशी ही चूक.

सरांनी यावर उपाय काढला. होळीच्या आठवड्यात ते दुपारचा दवाखाना माझ्यावर टाकून गावोगाव जात आणि दवंडी देववत. पिंपळगाव राजाला एकदा मीही सोबत होते. दवंडीवाल्याने सरांचं नीट ऐकून घेतलं आणि चौकात उभं राहून स्वतःची भर घातली, "ऐका हो ऐका! छातीचा फोटू होळीत टाकू नका! टाकसान तं पुन्हा वर्षभर सुया घ्याव्या लागतीन हो!" मी सरांकडे पाहिलं. "सर, तुम्ही असं म्हटलं नव्हतं." सर म्हणाले, "मी म्हटलं त्याच्यापेक्षा हे बरं आहे. चला पुढे."

आता ज्या घराबद्दल सांगायचं आहे तिकडे वळते. नावं बदलली आहेत. रेखा याच पिंपळगाव राजाची मुलगी. लग्नाआधी, कॉलेजात असताना तिला क्षयरोग झाला होता. पूर्ण औषध घेऊन ती बरी झाली होती. बापाने फोटो होळीत टाकला आणि मुलगी नांदुऱ्याजवळच्या एका गावी दिली. आजाराबद्दल सासरी कुणी काही बोललं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, मुलगी झाली. तीन महिन्यांची लेक घेऊन रेखा सासरी आली आणि तिला ताप-खोकला सुरू झाला. कुठेतरी एक्स-रे काढला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पांढरा पट्टा दिसला, आणि त्या एका पट्ट्याने सगळं उघडं पडलं.

तिच्या सासूबाई, अनुसयाबाई, यांनी त्याच दिवशी बाळ काढून घेतलं. रेखाचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं, ताट-वाटी वेगळी झाली, आणि बाळाला वरचं दूध सुरू झालं. ही मंडळी आमच्याकडे आली तेव्हा रेखा बाकाच्या एका टोकाला एकटीच बसली होती. तिचा नवरा बाळाला घेऊन पार लिंबाच्या झाडाखाली उभा होता. बाळ रडलं की रेखाच्या पोलक्याची पुढची बाजू ओली होत होती आणि ती पदर ओढून घेत होती. मी स्वतः आई आहे. मला ते पाहवेना.

सरांनी तिला तपासलं. खोकला साध्या जंतुसंसर्गाचा वाटत होता. थुंकीची साधी तपासणी झाली, जंतू हुडकणाऱ्या यंत्रावरचीही झाली. क्षयाचे जंतू कुठेच सापडले नाहीत. एक्स-रेमध्ये श्वासनलिका त्या पांढऱ्या पट्ट्याकडे ओढली गेली होती, आणि असं ओढलं जायला पुष्कळ काळ लागतो. सरांचं मत झालं, की ही जुनी भरलेली जखम आहे. पण जुना फोटो असता तर दोन्ही शेजारी ठेवून तिथल्या तिथे दाखवता आलं असतं. तो तर होळीत जळून गेला होता. आता काही आठवडे थांबून पुन्हा फोटो काढायचा आणि पट्टा तसाच आहे का ते बघायचं, एवढंच पक्कं उत्तर उरत होतं.

थांबायला सर तयार होते, पण रेखाचं दूध थांबणार नव्हतं. ते आटत चाललं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बाळाकडे बघायचं टाळू लागली होती. सरांनी नवऱ्याला आणि अनुसयाबाईंना आत बोलावून स्पष्ट सांगितलं, "बाळ आईजवळ द्या. पाजू द्या. जबाबदारी माझी." नवऱ्याने आईकडे पाहिलं. अनुसयाबाई हलल्या नाहीत. "तुमची जबाबदारी कागदावर जी," त्या म्हणाल्या, "लेकरू आमचं हाय."

माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. सरांनी हाताने मला गप्प केलं आणि अनुसयाबाईंना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. मग असं करू. बाळाजवळ जे जे असतात त्या सगळ्यांचे फोटो काढू. नियमच आहे तो. आधी तुमचा, कारण बाळ तुमच्याजवळ निजते."

"माहा कायले? मले का झालं?" बाईंचा आवाज एकदम चढला. मला वाटलं, आता उठून जातात. सरांनी आग्रह केला नाही, वाट पाहत बसून राहिले. शेवटी त्या नातीकडे बघत उठल्या आणि आत गेल्या.

फोटो आला. सरांनी तो खिडकीला लावला, बराच वेळ पाहिला आणि मुलाला म्हणाले, "बाळाला सावलीत घेऊन बसा जरा." दार लोटल्यावर ते खाली बसले. काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "माय, लय जुनं दिसते हे. लय सोसलं तुमी."

फोटोत डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग रेखासारखाच आकसलेला होता. खरं तर रेखाहून जास्तच. अनुसयाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "कोनाले सांगू नका जी." मी उठून बाहेर जायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तू बस वो बाई. तू बाईमानूस हायेस."

मग त्या बोलल्या. "माहा पहिला पोरगा असाच तीन महिन्याचा होता. मले खोकल्यातून रगत पडलं. सासूनं लेकरू उचललं आन मोठ्या जावेच्या वटीत टाकलं. मले माहेरी धाडलं. वर्षभर सुया घेतल्या मी. बरी होऊन आली, तं पोरगं माह्याकडं येईच ना. हात पुढं केला का रडे. जाऊ म्हने, राहू दे, लळा लागला त्याले. मंग राह्यलंच ते." त्या थांबल्या. "आता नातवंडं हायेत त्याले. शेजारच्याच खोलीत राह्यते. त्याले समदं माईत हाय. पन मले अजून काकूच म्हनते."

बाहेर कुणाचा तरी खोकला चालू होता.

मग त्यांनी सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "तसं केलं म्हून वाचलं ना जी माहं लेकरू?"

सर लगेच म्हणाले, "हाव माय. तवा तुमच्या खोकल्यात रोग होता. तुमी लेकरू दूर ठेवलं, म्हून वाचलं."

त्यांनी दोन्ही फोटो खिडकीला शेजारी शेजारी लावले. "हा तुमचा. हा रेखाचा. दोन्हीत रोग नाही, दोन्हीत भरलेली जखम आहे. हे छातीत घेऊन तुमी पुढं किती लेकरं पाजली?"

"दोन."

"त्याइले काही झालं?"

"नाई जी. दगडावानी हायेत."

"मग रेखाच्या लेकीलेही होत नाही."

अनुसयाबाई खिडकीजवळ गेल्या. आधी एका फोटोवर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. त्यांना त्यातलं काय कळलं असेल ते असो, पण त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. "मंग मी कायले घेतलं वो तिचं लेकरू?" त्या आमच्यापैकी कुणाला विचारत नव्हत्या.

सर म्हणाले, "भ्या वाटलं म्हून. तुमाले भ्यायचं कारणही होतं."

त्या बाहेर गेल्या. लिंबाखाली जाऊन मुलाच्या हातातून बाळ घेतलं आणि बाकाच्या टोकाला जाऊन रेखाच्या मांडीवर ठेवलं. "पाज तिले." रेखा घाबरून सासूकडे बघतच राहिली. "बघतं का अशी? पाज म्हनलं ना. भुकेली हाय ते." बाकावर माणसं खच्चून भरली होती. अनुसयाबाई सुनेसमोर उभ्या राहिल्या, लोकांकडे पाठ केली आणि स्वतःचा पदर दोन्ही हातांनी पसरून आडोसा धरला. बाळ पिऊन झोपेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मी औषधाच्या खोलीत जाऊन रडले, हे इथे सांगून टाकते.

काही आठवड्यांनी रेखाचा फोटो पुन्हा काढला. पट्टा होता तसाच होता, केसभरही वाढला नव्हता. तिला एकही गोळी द्यावी लागली नाही. हा फोटो मात्र खरोखरच सातबाऱ्याशेजारी गेला.

पण मला सांगायचं आहे ते बाळ रेखाकडे परत गेलं त्या दिवशीचं. दुपारी सर डबा धूत होते. मी त्यांना गाठलं. "सर, औषध लागू पडल्यावर काही आठवड्यांत बाळ परत देता आलं असतं ना त्या बाईंना? वर्षभर दूर ठेवायची गरज नव्हती."

"नव्हती," सर म्हणाले. "त्या काळी कुणी सांगितलं नाही तिला."

"मग तुम्ही तिला हो कसं म्हणालात?"

सरांनी डबा उपडा घातला, हात पुसले. "त्या बाईने एवढ्या एका समाधानावर जन्म काढला, की आपण दूर राहिलो म्हणून लेकरू जगलं. ते काढून घेतलं असतं, तर बदल्यात द्यायला माझ्याकडे काय होतं?"

मी वाद घातला. रुग्णाला खरं सांगायचं हे तुम्हीच शिकवलंत, असंही ऐकवलं. सर म्हणाले, "हो, मीच शिकवलं," आणि पुढचा रुग्ण बोलावला. दोन-तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आजही मला त्यांचं म्हणणं पुरतं पटलेलं नाही. पण त्या खोलीत सर नसते, मी एकटी असते, तर मी अनुसयाबाईंना पुस्तकातलं सगळं खरं ऐकवलं असतं आणि बाळ आजीच्याच कडेवर परत घरी गेलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अनुसयाबाई आता नाहीत. जाण्याच्या बऱ्याच आधी त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "लिहशीन तं लिही माय, नाव घालू नको. कोन्या सुनेच्या कामी पडलं तं पडलं." सरांशी झालेलं बोलणं मात्र मी त्या असेपर्यंत कुणाजवळही काढलं नव्हतं. शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं त्यांच्या थोरल्यानेच केलं, उचलून न्हाऊ-माखू घातलं. हाक मात्र शेवटपर्यंत काकूच होती. एवढ्या वर्षांत जीभ वळली नाही, यात त्याचा काय दोष!

हा लेख लिहिण्याआधी रेखाला विचारावं म्हणून मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. ती लेक आता चौथीत आहे. चहा झाला. रेखाने परवानगी दिली. मी म्हटलं, "सरांसाठी तुझ्याकडून काय लिहू?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचार करू लागली. डोळे भरून आले तिचे. "ताई, असं लिहा का..." एवढं म्हणाली, तोच अंगणातून आवाज आला, "आई, माही वेणी घालून दे ना!" रेखाने लक्ष दिलं नाही. "आई! शाळेची बस येते ना!" आणि मग पाय आपटत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "आऽऽई!"

"आली वो माय! जीव खाते नुसता दिवसभर!" असं खेकसत रेखा फणी घेऊन उठली, आणि सरांसाठीचा तिचा निरोप राहून गेला.

सर, मी तिला पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, ठेचा पचत राहो, आवाज रस्त्यापर्यंत जात राहो. आम्ही तुमचे विद्यार्थी खरं बोलायला शिकलो आहोत. कुणासमोर किती बोलायचं ते अजून शिकायचं आहे, तेव्हा तुम्हाला इतक्यात सुट्टी नाही. आणि या जिल्ह्यात आज ज्या ज्या आया 'आई, आई' ऐकून वैतागून आपल्या लेकरांवर ओरडत असतील, त्यांतल्या कितीतरी जणी तुमच्यामुळे ओरडत आहेत, हे तुम्ही रोज सकाळी उठल्यावर आठवत जा.